पार्टीसाठी कॅसिओ घ्यायचाय? आधी गायकाला दुकानात न्या

एप्रिल उजाडला की आपल्या गायन पार्ट्यांना उसंत राहत नाही. ११ एप्रिलला महात्मा फुले जयंती, १४ एप्रिलला भीमजयंती, आणि तिथून पुढे मे महिनाभर कुठल्या ना कुठल्या वस्तीत जयंती महोत्सव चालूच. त्यातच बुद्धपौर्णिमा येते, २७ मेला माता रमाईंचा स्मृतिदिन येतो. पावसाळ्यात विहारातून वर्षावासाचे कार्यक्रम, मग धम्मचक्र प्रवर्तन दिन, संविधान दिन, १ जानेवारीचे भीमा-कोरेगाव, १४ जानेवारीचा नामविस्तार दिन, ७ फेब्रुवारीची रमाई जयंती, २० मार्चचे महाड. बऱ्यापैकी नाव असलेली पार्टी हंगामात एका रात्रीत दोन-दोन ठिकाणी हजेरी लावते. एका वस्तीतला कार्यक्रम आटोपून टेम्पोतच डबा खायचा आणि पुढच्या स्टेजवर चढायचे, हे ज्यांनी केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

अशा पार्टीत आज पेटीच्या जोडीला, कुठे कुठे पेटीच्या जागीही, इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड असतो. आपल्याकडे त्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. वाद्य यामाहाचे असो, रोलँडचे असो की कॉर्गचे, वाजवणारा 'कॅसिओवाला'च. कॅसिओ ही मुळात जपानातली कॅल्क्युलेटर आणि घड्याळे करणारी कंपनी. १९८० साली तिने 'कॅसिओटोन २०१' बाजारात आणला आणि हलक्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यांच्या धंद्यात ती उतरली. आपल्या लोकांनी कंपनीचे नाव वाद्यालाच देऊन टाकले. आम्हीही या लेखात दोन्ही शब्द वापरणार आहोत.

हा विषय घेण्याचे कारण असे की कॅसिओ घेणे ही आपल्या घरांत लहानसहान खरेदी नसते. पार्टीतला गायक दिवसा कुठे महापालिकेत झाडूखात्यात असतो, कुठे रिक्षा चालवतो. ढोलकीवाला गवंडीकाम करतो. कॅसिओ वाजवणारा पोरगा बहुधा नुकता बारावी झालेला असतो. त्याच्यासाठी आई बचत गटातून कर्ज उचलते, किंवा पार्टीचे चौघे-पाचजण बिदागीतून थोडे थोडे बाजूला काढतात, किंवा दुकानातच हप्ते बांधून घेतात. एवढे करून आणलेले वाद्य दुसऱ्याच महिन्यात 'स्टेजला पुरत नाही' म्हणून घरात पडून राहिले, तर त्याचा चटका सगळ्या घराला बसतो. आणि अशी घरात पडून राहिलेली वाद्ये आम्ही कितीतरी पाहिली आहेत.

चुकते कुठे? दुकानात. तिथे वाजवणारा पोरगा एकटा जातो, नाहीतर मित्राला घेऊन जातो. दुकानदार 'डेमो'चे बटण दाबतो. आतून आधीच भरलेले झकास विलायती गाणे वाजू लागते. मग तो सांगतो, यात सहाशे आवाज आहेत, दोनशे ठेके आहेत. पोरगा हरखून जातो. पण डेमो कुणीही वाजवत नसते, ते यंत्र स्वतःच वाजवत असते. आणि त्या सहाशेंपैकी भीमगीतांच्या कार्यक्रमात कामाला येणारे आवाज मोजून आठ-दहा. पेटी, बासरी, सनई, क्लॅरिओनेट, बेंजो, व्हायोलिनचा भरणा, फार तर गिटार आणि एखादा भारदस्त ऑर्गन. तेवढेच आठ-दहा आवाज दुकानात नीट ऐकावेत. कित्येक महागड्या मॉडेलांत पियानो अस्सल असतो आणि सनई पिपाणीसारखी वाजते.

म्हणून आमचे सांगणे असे की दुकानात जाताना पार्टीचा मुख्य गायक बरोबर असावा, गायिका असेल तर तीही असावी, आणि जमल्यास ढोलकीवालाही. वाद्य ज्याच्या गळ्यामागे उभे राहायचे आहे त्याने तिथे उभे राहून निदान एक कडवे गाऊन पाहावे. दुकानात गाण्याची लाज वाटून घेऊ नये. आपण पैसे मोजणार आहोत.

गायकाची पट्टी

गायकाची पट्टी हा या सगळ्या प्रकरणातला पहिला प्रश्न. कुणी काळी एकमध्ये गातो, कुणी काळी दोनमध्ये, बाईचा गळा काळी चार, काळी पाचवर जातो. कॅसिओ शिकणारी मुले पहिल्यांदा पांढरी एकवरच बोटे बसवतात. अशा मुलाला 'ट्रान्सपोज' बटणाचा मोठा आधार असतो. बोटे पांढरी एकचीच ठेवायची आणि यंत्राला सांगायचे, तू तीन घरे वर वाज; की आवाज काळी दोनचा येतो. एक घर वर केले तर काळी एक. बाईसाठी काळी चार हवी असेल तर आठ घरे वर किंवा चार घरे खाली.

ही सोय जवळपास प्रत्येक कीबोर्डात असते. प्रश्न असा आहे की ती किती झटकन हाताला लागते. कव्वालीच्या सामन्यात गायकाचे कडवे संपले की लगेच गायिका उठते. तेवढ्यात पट्टी बदलावी लागते. काही मॉडेलांत ट्रान्सपोजचे बटण वरच ठळक असते, तर काहींत तीन बटणे दाबून एका यादीत शिरावे लागते. दुसऱ्या प्रकारचे वाद्य घरी शिकायला ठीक, सामन्याला नाही. आणि पडद्यावर ट्रान्सपोज किती घरांवर आहे हे ठसठशीत दिसते का, तेही पाहावे. आधीच्या गाण्याचा ट्रान्सपोज तसाच राहून गेला आणि पुढच्या गाण्याला गायक एकीकडे, कॅसिओ दुसरीकडे, असा प्रकार भर स्टेजवर घडतो तेव्हा लोक हसतात ते गायकाला.

त्याहून चांगली सोय म्हणजे 'रजिस्ट्रेशन मेमरी'. नाव अवघड आहे, काम सोपे. एका गाण्याला लागणारा आवाज, पट्टी, ठेका, लय हे सारे एकदा लावून एका क्रमांकावर साठवून ठेवायचे. स्टेजवर तो क्रमांक दाबला की सगळे जागच्या जागी. वारंवार कार्यक्रम करणाऱ्या पार्टीसाठी आम्ही ही सोय अत्यावश्यक मानतो. मात्र त्या साठवणीत ट्रान्सपोजही धरला जातो की नाही, आणि वाद्य बंद करून परत सुरू केल्यावर ती शाबूत राहते की नाही, हे दुकानात स्वतः करून पाहावे. दुकानदाराच्या 'राहते हो' वर विसंबू नये.

पार्टीत पेटीही असेल तर आणखी एक गोष्ट. आपल्या जुन्या पेट्या थोड्या चढ्या किंवा उतरत्या लागलेल्या असतात. कॅसिओ मात्र कारखान्यातून ठरावीक स्वरात येतो. दोन्ही एकत्र वाजले की आवाजात लाटा उठतात आणि गायकाला आधार कुठला धरावा कळत नाही. पेटीच्या पट्ट्या कार्यक्रमाच्या दिवशी काही बदलता येत नाहीत. कॅसिओत 'ट्यूनिंग' नावाची सोय असते, तिने वाद्य केसभर वर-खाली करता येते. पेटी दुकानात न्यावी असे नाही, पण ही सोय आहे का एवढे विचारून ठेवावे.

पट्ट्या किती हव्यात? एकसष्ट. पेटी सुमारे तीन-साडेतीन सप्तकांची असते, कॅसिओच्या एकसष्ट पट्ट्यांत पाच सप्तके बसतात. डाव्या हाताला व्हायोलिनचा भरणा आणि उजव्या हाताला बासरी, अशी वाटणी करायला तेवढी जागा पुरते. अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा पियानो आपल्या कामाचा नाही. तो वाहायला दोन माणसे लागतात. आणि बारीक पट्ट्यांचा, खेळण्यातला दिसणारा कॅसिओ पोराच्या वाढदिवसाला द्यावा, पार्टीत आणू नये. पट्ट्यांना 'टच' हवा, म्हणजे हलके दाबले तर हलके वाजावे, जोराने दाबले तर मोठ्याने. हा गुण नसेल तर रमाईवरचे गाणे आणि जोशाचे गाणे दोन्ही एकाच दमात वाजतात. डावीकडे स्वर वळवण्याचे चाक असते, त्याला 'पिच बेंड' म्हणतात. सनई, बेंजो, क्लॅरिओनेटची मींड त्याच्याशिवाय निघत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलांत हे चाक नसते. शिकणाऱ्याचे त्यावाचून अडत नाही, वाजवणाऱ्याचे अडते.

वाट, वीज आणि वायर

कॅसिओ बैठकीच्या खोलीत जितका वाजतो तितकाच तो वाटेवर असतो, हे घेताना कुणाच्या डोक्यात नसते. एकसष्ट पट्ट्यांचे वाद्य तीन-सव्वातीन फूट लांब असते. वजन साडेतीन ते सात किलो, मॉडेलाप्रमाणे. मोठी 'अरेंजर' वाद्ये अकरा-बारा किलोंच्या घरात जातात. दुकानात ती उचलून पाहिली तर जड वाटत नाहीत. रात्री एक वाजता शेवटची लोकल पकडताना, स्टँड, वायरींची पिशवी आणि ते वाद्य घेऊन जिना चढताना त्यांचे खरे वजन कळते. ज्यांची पार्टी स्वतःच्या टेम्पोने फिरते त्यांनी जड वाद्य जरूर घ्यावे. एस. टी.ने आणि लोकलने फिरणाऱ्यांनी सहा-सात किलोंच्या पुढे जाऊ नये, असे आमचे मत आहे. आणि जाड गादीची बॅग वाद्याबरोबरच घ्यावी, 'पुढच्या महिन्यात बघू' म्हणू नये. बॅगेवाचून फिरलेल्या वाद्याची पहिली पट्टी बहुधा पहिल्याच हंगामात तुटते.

विजेचे तसेच. वस्तीतला मंडप म्हणजे खांबावरून घेतलेली वायर, नाहीतर जनरेटर. दिवे लागले की व्होल्टेज पडते, जनरेटर बदलताना वीज क्षणभर जाते. ज्या कीबोर्डात सेल घालता येतात त्याचा इथे उपयोग होतो. काही मॉडेलांना सहा पेन्सिल सेल लागतात, काहींना सहा मोठे. पण मधेच वीज गेली तर वाद्य आपोआप सेलवर जाते की बंद पडते, हे मॉडेलागणिक वेगळे आहे. दुकानात सेल घालून, वाजवता वाजवता अडाप्टरची पिन उपटून पाहावी. दुकानदार कुरकुर करील, करू द्यावी.

अडाप्टर कंपनीचाच वापरावा. रोलँडचा साधारण नऊ व्होल्टचा, यामाहाचा बहुधा बारा व्होल्टचा, आणि त्यांच्या पिनेतले अधिक-उणे एकमेकांच्या उलटे असते. पिन बसली म्हणून शेजारच्या पार्टीचा अडाप्टर लावला आणि वाद्य कायमचे गप्प झाले, असे होऊ शकते. अडाप्टरवर लहान वर्तुळाची खूण असते, ती वाद्यावरच्या खुणेशी ताडून पाहावी. अडाप्टरवर '१००-२४०' असे छापले असेल तर पडत्या व्होल्टेजची काळजी बरीच कमी होते. कार्यक्रमात माईकला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर मंडपाचे अर्थिंग बरोबर नाही असे समजावे आणि ते दुरुस्त झाल्याखेरीज गायकाला माईक धरू देऊ नये. आयोजक कितीही घाई करोत.

आता वायर. कार्यक्रमात कॅसिओचा आवाज लोकांपर्यंत जातो तो साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून. पुष्कळशा लहान मॉडेलांना मागे फक्त हेडफोनचे भोक असते. त्यात डावा आणि उजवा असे दोन आवाज एकत्र निघतात. त्यात तीन कड्यांची पिन घालून ती वायर सरळ मिक्सरच्या एकाच चॅनेलमध्ये खुपसली, तर मिक्सर त्या दोन आवाजांची वजाबाकी करून टाकतो. मधोमध येणारा मुख्य स्वर गडप होतो आणि नुसता पोकळ घुमारा उरतो. लोक म्हणतात कॅसिओ भिकार आहे, साऊंडवालाही म्हणतो कॅसिओ भिकार आहे. कॅसिओ चांगला असतो, वायर चुकीची असते. एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दोन पिना असलेली वायर स्वतःच्या पिशवीत ठेवावी आणि दोन चॅनेल मागून घ्यावेत. ज्या कीबोर्डाला 'लाइन आऊट'ची दोन वेगळी भोके आहेत त्याला ही यातायात नाही. त्यांतल्या 'मोनो' लिहिलेल्या भोकात साधी एक वायर लावली तरी काम भागते. वारंवार स्टेज करणाऱ्यांनी लाइन आऊट असलेलेच मॉडेल पाहावे.

हेडफोनच्या भोकात पिन घातली की वाद्याचे स्वतःचे स्पीकर बंद होतात, हेही लक्षात असू द्यावे. स्टेजवर वाजवणाऱ्याकडे तोंड केलेला साऊंडबॉक्स नसेल तर त्याला आपला आवाजच ऐकू येत नाही. मग तो जोरजोरात पट्ट्या बडवतो. रोलँडचा एक्सपीएस-१० आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रावाल्यांत चांगला चालला, हलका आणि दमदार म्हणून. पण त्याला स्वतःचे स्पीकर मुळीच नाहीत. चांगला साऊंड हमखास मिळणाऱ्या पार्टीने तो घ्यावा. विहारात वीस माणसांपुढे बसून गाणाऱ्यांना स्पीकर असलेले वाद्य सोयीचे.

ढोलकीवाल्याचे काय?

हा प्रश्न दुकानात कुणी काढत नाही, पण आमच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा.

कीबोर्डाच्या पोटात ठेके असतात. बटण दाबले की केरवा, दादरा, भांगडा, जे पाहिजे ते. यामाहाच्या पीएसआर-आय ५०० सारख्या किंवा कॅसिओच्या सीटी-एक्स ९००० आयएन सारख्या, खास भारतासाठी काढलेल्या मॉडेलांत तर आपल्याकडचे ठेके आणि आपल्याकडच्या वाद्यांचे आवाज मुद्दाम भरलेले आहेत. रियाजाला ते फार उत्तम. मुलीला एकटीला घरी गाण्याची तयारी करायची असेल, ढोलकीवाला कामावर असेल, तर त्या ठेक्याइतका दुसरा सोबती नाही.

पण काही पार्ट्यांत असे झाले आहे की कॅसिओ आला आणि ढोलकीवाल्याला घरी बसवले. बिदागीत एक वाटेकरी कमी, टेम्पोत एक जागा मोकळी, आणि वाचलेल्या पैशांत हप्ता निघतो, असा हिशेब. कागदावर तो बरोबर दिसतो. स्टेजवर तो फसतो.

भीमगीतांच्या कव्वालीत गायक मधेच थांबून शेर टाकतो. तिथे ठेका थांबतो. लोकांतून दाद येते, कुणी उठून बक्षीस द्यायला येतो, नाव पुकारले जाते, 'जयभीम'चा गजर होतो. याला दहा सेकंद लागतील की दोन मिनिटे, हे यंत्राला कळत नाही. ढोलकीवाला गायकाच्या चेहऱ्याकडे पाहत असतो. गायकाने मान हलवली की थाप पडते आणि सगळे बरोब्बर समेवर येतात. कडव्याच्या शेवटी गायक लय चढवतो, ढोलकीवाला लग्गी लावून त्याच्याबरोबर चढतो. यंत्राचा ठेका ठरल्या लयीत चालत राहतो, आणि गायकाला यंत्राच्या मागे धावावे लागते. वयस्कर गायकाचा दम कमी पडला तर ढोलकीवाला त्याला सांभाळून घेतो. यंत्र कुणाला सांभाळत नाही.

आपल्या गाण्याचा इतिहासही पाहावा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी बाबासाहेबांचा विचार जलशांतून खेड्यापाड्यांत नेला तेव्हा हे यंत्र नव्हते. वामनदादा कर्डक (१९२२-२००४) गावोगाव फिरले. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्या पिढीने कॅसेटच्या जमान्यात भीमगीते घराघरांत पोहोचवली. अलीकडे कडुबाई खरात नुसत्या एकतारीवर गाऊन मोबाईलमधून साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झाल्या. लोक गाणे ऐकायला येतात, शब्द ऐकायला येतात.

आणि वाद्याची गोष्ट आपल्या समाजात निव्वळ वाद्याची कधीच नव्हती. गावगाड्यात वाजवणे हेही जातीने माथी मारलेले काम होते. लग्नात वाजवायचे आणि जेवायला लांब बसायचे. १९५६ च्या धर्मांतरानंतर आपल्या माणसांनी गावकीची कामे सोडली, तशी ही सक्तीची वाजवणूकही ठिकठिकाणी सोडली. मग ढोलकी हाती धरली ती स्वतःच्या इच्छेने, आपल्या उद्धारकर्त्याचे गाणे गाण्यासाठी, लोकांसमोर स्टेजवर बसून. त्या ढोलकीवाल्याला चार पैशांच्या हप्त्यापायी घरी बसवणे आम्हाला पटत नाही. कॅसिओने स्वर भरावेत, सुरुवातीचे आणि मधले तुकडे वाजवावेत, ठेका ढोलकीवर सोडावा. ज्यांच्याकडे ढोलकीवाला खरोखरच नाही, त्यांनी ठेका लावावा. पण मग 'स्टार्ट-स्टॉप'चे बटण अंगठ्याखाली येते का, लय चालत्या गाण्यात कमी-जास्त करता येते का, हे पाहूनच वाद्य घ्यावे.

पैसा

ढोबळमानाने सांगायचे तर दहा-पंधरा हजारांत एकसष्ट पट्ट्यांचा, टच असलेला, शिकाऊ कीबोर्ड मिळतो. वीस ते तीस हजारांत पिच बेंड, साठवण, भारतीय ठेके असलेली मॉडेले येतात. नियमित कार्यक्रम करणाऱ्या बहुतेक पार्ट्यांचे काम इथे भागते. पन्नास हजारांच्या पुढे व्यावसायिक ऑर्केस्ट्राचा माल सुरू होतो. भाव दुकानागणिक बदलतात, म्हणून निदान तीन ठिकाणी विचारावे. पक्के बिल आणि वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या जिल्ह्यात त्या कंपनीची दुरुस्ती कुठे होते हेही विचारावे. मुंबई-पुण्याला प्रश्न नाही, पण हिंगोलीच्या पार्टीला ऐन एप्रिलमध्ये वाद्य घेऊन छत्रपती संभाजीनगर गाठावे लागणार असेल, तर स्वस्त मिळाले या म्हणण्यात अर्थ नाही.

हप्त्यांचा विचार हंगाम पाहून करावा. चोवीस हजारांचे वाद्य बारा हप्त्यांत म्हणजे महिना दोन हजार. एप्रिल-मेमध्ये ते बिदागीतून सहज निघतात. जुलै-ऑगस्टमध्ये सुपाऱ्या नसतात, हप्ता मात्र असतो, आणि तेव्हाच मुलांच्या शाळेची फी, वह्या-पुस्तके असतात. हप्ता घरखर्चातून जायला लागला की घरात कुरबुर सुरू होते आणि तिचा राग गाण्यावर निघतो. म्हणून आम्ही सुचवू की पार्टीने दोन हंगाम 'वाद्य निधी' जमवावा. प्रत्येक बिदागीतून ठरावीक रक्कम आधी बाजूला, मग वाटणी. निम्मी रक्कम हाती आल्यावरच दुकानाची पायरी चढावी.

जुने वाद्य घ्यायलाही हरकत नाही, पण डोळ्यांत तेल घालून. एकसष्टच्या एकसष्ट पट्ट्या एकेक करून आधी अगदी हलक्या, मग जोरात दाबाव्यात. एखादी पट्टी हलके दाबूनही कर्कश मोठ्याने वाजत असेल, तर तिच्याखालच्या रबरात धूळ किंवा ओल गेली आहे. एक-दोन पट्ट्या अशा असतील तर उघडून साफ होतात. दहा-बारा असतील तर ते वाद्य नको. अडाप्टरची पिन घालून वायर हलवून पाहावी. वाद्य बंद-चालू होत असेल तर तिथला सांधा सुटला आहे. ही या वाद्यांची नेहमीची दुखापत आहे आणि दुरुस्ती स्वस्त आहे, पण तेवढे पैसे भावातून तोडून घ्यावेत. पिच बेंडचे चाक सोडल्यावर स्वर मूळ जागी परत येतो का तेही ऐकावे.

वाद्य घेतल्यावर ते कुणाचे, हे पहिल्याच दिवशी वहीत लिहावे. पार्टीचे की वाजवणाऱ्याचे? कुणी किती घातले? पार्टी फुटली किंवा मुलगा नोकरीला लागून दुसऱ्या गावी गेला तर वाद्य कुणी ठेवायचे आणि इतरांना किती परत द्यायचे? आपसांत असे लिहिणे अवघड वाटते, माणसे म्हणतात 'आपण काय परके आहोत?' परके नाहीत म्हणूनच लिहावे. वाद्यावरून भाऊ भावाशी बोलेनासा झाल्याची उदाहरणे शोधायला लांब जावे लागत नाही. दुसरी पार्टी एका रात्रीपुरते मागायला आली तर काय, तेही त्याच वहीत ठरवून टाकावे. म्हणजे नाही म्हणताना एकट्याला वाईट व्हावे लागत नाही.

घरी कॅसिओ आला की तो फक्त पार्टीचा राहत नाही, आणि तसा राहूही नये. हेडफोन लावला की दहा बाय दहाच्या खोलीतही रात्रपाळी करून झोपलेल्या वडिलांची झोप न मोडता मुलगी सराव करू शकते. ही पेटीवर नसलेली सोय आहे. आपल्या पार्ट्यांत गायिका पुष्कळ आहेत, कॅसिओवर बसलेली मुलगी मात्र अजून क्वचित दिसते. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात, एवढ्या कामाच्या रगाड्यात, व्हायोलिन शिकायला घेतले होते. आपल्या घरात वाद्य आले असताना ते फक्त थोरल्या मुलाच्याच हाती का राहावे? एका तासाची पाळी मुलीलाही द्यावी. मात्र नुसत्या हेडफोनवर सराव करणाऱ्याला लोकांबरोबर वाजवायची सवय होत नाही. आठवड्यातून एकदा विहारात गायक आणि ढोलकी यांच्यासह सारी पार्टी बसलीच पाहिजे. नवे वाद्य घेऊन पहिला कार्यक्रम लांबच्या सुपारीचा घेऊ नये. तो आपल्याच विहारात, पौर्णिमेच्या वंदनेनंतर करावा. गाण्यांची यादी, प्रत्येकाची पट्टी आणि साठवणीचा क्रमांक जाड अक्षरात लिहून पुठ्ठ्यावर चिकटवावा. स्टेजवरच्या रंगीत दिव्यांत बारीक अक्षर दिसत नाही.

वाद्य चुलीच्या वा गॅसच्या जवळ ठेवू नये, फोडणीचा तेलकट धूर पट्ट्यांत शिरतो. वर स्वच्छ धुतलेले जुने लुगडे टाकले तरी चालते. पाऊस लागला आणि महिना-दीड महिना कार्यक्रम नसले, तर आतले सेल काढून ठेवावेत. ते गळले की आतल्या पत्र्यांना गंज चढतो. आणि पंधरवड्यातून एकदा अर्धा तास तरी वाद्य सुरू करून सगळ्या पट्ट्यांवरून हात फिरवावा, म्हणजे काही बिघडले असेल तर ते ऑगस्टातच कळेल आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आत दुरुस्त होऊन येईल.